हिरवा पडदा आणि हिरवा चुडा : कीइंगमध्ये आपण नेमकं काय वजा करतो?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. पडद्यावर जे दाखवलं गेलं, ते कंसात थोडक्यात दिलं आहे.)

मागे ऐकू येतंय ना? ठीक आहे, सुरू करू.

आज माझ्याकडे दाखवायला एकच शॉट आहे. पाच सेकंदांचा. काही विद्यार्थ्यांनी लघुपट केला, त्यातला. त्यांची परवानगी घेऊन दाखवतोय.

(पडद्यावर : हिरव्या कापडासमोर पिवळी अष्टपुत्री नेसलेली नवरी मान वळवून मागे पाहते. केसांत गजरा, काही बटा सुटलेल्या. ती हात उचलून बट कानामागे सारते. मनगटात हिरवा चुडा.)

बघा, इथे बसलेल्या बायका आधी हसल्या. पुरुषांना अजून कळलेलं नाही. (हशा) पडदा हिरवा, चुडाही हिरवा. सेटवर पंधरा माणसं होती, कोणाच्याही लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते एडिटला बसल्यावर, तोपर्यंत हॉलचं भाडं भरून झालं होतं, साडी परत गेली होती. पुन्हा शूट करणं शक्य नाही. मागे संध्याकाळचा वाडा बसवायचा आहे. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १२० फ्रेम. करा काय करायचं ते.

हा शॉट मला शिकवायला फार सोयीचा वाटतो, कारण त्यात सगळी दुखणी एकदम आहेत. केस आहेत, पांढरी फुलं आहेत, हळदीचा पिवळा आहे, वेगाने फिरणारा हात आहे आणि चुडा. यातलं प्रत्येक दुखणं वेगळं औषध मागतं. एकाच बटणाने सगळं बरं करायला गेलात तर काय होतं, ते आधी सांगतो. मग नोड कशासाठी ते आपोआप येईल.

पहिली गोष्ट. कीइंग म्हणजे 'कापणं' असं सगळे म्हणतात. हिरवं कापून टाकायचं, उरेल ती नवरी. हा शब्दच घोटाळा करतो. कात्रीने कापताना प्रत्येक बिंदू एक तर या बाजूला असतो नाही तर त्या बाजूला. कॅमेऱ्याच्या चित्रात तसं नसतं. केसाची एक बट घ्या. केस इतका बारीक की एका पिक्सेलमध्ये तो पूर्ण मावतो आणि वर जागा उरते. त्या उरलेल्या जागेतून मागचा पडदा दिसतो. त्या पिक्सेलचा रंग केसाचाही नाही आणि पडद्याचाही नाही, दोघांचं मिश्रण आहे. हात वेगाने फिरला की बोटांच्या कडेला हेच होतं. फोकस नसलेल्या कडेला हेच. काच, धूर, जाळीदार ओढणी, सगळीकडे हेच. मिश्रण कापता येत नाही. त्यातून एक भाग वजा करावा लागतो.

आता वजाबाकी सोपी वाटते, पण ती तशी नाही. चहाचं उदाहरण घेऊ. तुमच्यासमोर एक कप चहा ठेवला. दुधाचा रंग कसा असतो हे तुम्हाला माहीत आहे. मी विचारलं, यात दूध किती आणि कोरा चहा किती कडक होता? सांगता येईल? कडक चहात जास्त दूध घातलं आणि फिक्या चहात कमी दूध घातलं, तर रंग जवळजवळ सारखाच दिसू शकतो. नुसता कप बघून दोन्ही गोष्टी एकदम सांगता येत नाहीत.

कीइंगचा प्रश्न अगदी हाच आहे. प्रत्येक पिक्सेलमध्ये आपल्याला तीन आकडे मिळतात : लाल, हिरवा, निळा. पडद्याचा रंग माहीत आहे असं धरू, ते आपलं दूध. तरीही शोधायचे किती? नवरीच्या रंगाचे तीन आकडे आणि चौथा अल्फा, म्हणजे त्या पिक्सेलचा किती हिस्सा नवरीने व्यापला आहे. हाती तीन, शोधायचे चार. शाळेत शिकलोय आपण, असं समीकरण सुटत नाही. ॲल्व्ही रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन यांनी १९९६ साली सिग्राफ परिषदेत हे नीट गणितानं मांडलं. एका रंगाच्या पडद्यावरून मिळणारी उत्तरं अनंत आहेत. तीच वस्तू, न हलवता, दोन वेगळ्या रंगांच्या पडद्यांसमोर टिपली तर उत्तर एकच येतं. पण नवरीला 'आता पडदा बदलतो, केस हलवू नकोस' असं सांगता येत नाही.

म्हणजे आपण वापरतो तो प्रत्येक कीयर, मग तो कोणत्याही कंपनीचा असो, अंदाज करतो. त्याच्या पोटात एक गृहीतक असतं. ते गृहीतक काय आहे हे माहीत नसेल, तर तुम्ही फक्त स्लायडर ओढत बसता.

हे गृहीतक कुठून आलं त्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण आवडीचा विषय आहे. पेट्रो व्लाहोस नावाचे अमेरिकन अभियंते होते. हॉलिवूडमध्ये निळा पडदा त्यांच्या आधीपासून होता. १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये लॅरी बटलर यांनी तो वापरला, त्यात म्हैसूरकडचा साबू होता, ते कदाचित ऐकलं असेल. पण त्या पद्धतीत कडांना निळी झालर राहायची आणि केस, धूर, काच यांचं काही खरं नसायचं. व्लाहोस यांनी दोन वेगवेगळ्या वाटा काढल्या. 'मेरी पॉपिन्स'मध्ये, १९६४ सालच्या, जी पद्धत वापरली तिच्यात पडद्यावर सोडियमच्या दिव्यांचा पिवळा उजेड टाकत. आपल्या रस्त्यांवर पूर्वी पिवळे दिवे असायचे, त्याच कुळातले. हा उजेड सुमारे ५८९ नॅनोमीटरच्या अगदी अरुंद पट्ट्यात असतो. कॅमेऱ्यात प्रिझम, आणि दोन फिल्म. एका फिल्मवर नट आणि दुसरीवर फक्त सोडियमचा उजेड, म्हणजे मॅट. लक्षात घ्या, तिथे अल्फाचा अंदाज करावाच लागत नव्हता. चौथा आकडा कॅमेराच वेगळा टिपून देत होता. म्हणून त्यातल्या टोपीवरच्या झिरझिरीत जाळ्या आजही बघवतात. पण कॅमेरा खास, प्रिझम खास, सगळाच जामानिमा खास. ती वाट मागे पडली.

दुसरी वाट त्यांनी त्याआधीच, १९५९ च्या 'बेन-हर'साठी तयार केली होती, ती म्हणजे रंगफरकाची पद्धत. तीच आज तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे. तेव्हा ती फिल्मवर, फिल्टर आणि एकावर एक छापलेल्या प्रतींनी करत. पडदा निळा होता, आपण हिरव्याच्या भाषेत बोलू. गृहीतक असं : पडद्यात हिरवा हा लाल आणि निळ्यापेक्षा खूप जास्त असतो. पुढच्या वस्तूत हिरवा हा लाल किंवा निळ्यापेक्षा जास्त नसतो. म्हणून एखाद्या पिक्सेलमध्ये हिरवा बाकीच्या दोघांपेक्षा जितका वर, तितका तिथे पडदा.

एवढंच. माणसाच्या कातडीला हे गृहीतक चालतं. गोरा, सावळा, काळा, कोणताही वर्ण घ्या, लाल सगळ्यात वर, मग हिरवा, मग निळा. म्हणून हिरवा-निळा पडदा वापरतात आणि लाल वापरत नाहीत.

आकडे घालून बघू, नाहीतर हवेतच राहील. (फळ्यावर) पडदा : लाल ०.१०, हिरवा ०.६०, निळा ०.१५. लाल-निळ्यात मोठा निळा, ०.१५. फरक ०.४५. हा पूर्ण पडद्याचा फरक. केसाचा खरा रंग : ०.०६, ०.०४, ०.०३. आता ज्या पिक्सेलमध्ये अर्धा केस, अर्धा पडदा, तिथे कॅमेरा देईल ०.०८, ०.३२, ०.०९. फरक ०.२३. ०.२३ भागिले ०.४५, म्हणजे ०.५१. इतका पडदा. अल्फा उरला ०.४९. खरं उत्तर ०.५० होतं. छान आहे ना? आता पडद्याच्या रंगाचा ०.५१ हिस्सा या पिक्सेलमधून वजा करा. लाल ०.०२९, हिरवा ०.०१३, निळा ०.०१३ उरतो. काळसर तपकिरी, हिरव्याचा मागमूस नाही. अर्ध्या केसाचा रंग बरोबर हाती आला. कापलं काहीच नाही. फक्त वजा केलं.

एक अट. हे गणित उजेडाच्या सरळ प्रमाणातल्या आकड्यांवरच चालतं, ज्याला लिनियर म्हणतात. कॅमेऱ्याची लॉग फाइल आधी लिनियर करून घ्यायची. बहुतेक नोड-सॉफ्टवेअरमध्ये रीड नोडवरच ती सोय असते.

आता याच शॉटवर नवशिका माणूस काय करतो, म्हणजे मी काय केलं होतं, ते सांगतो. पडद्याला उजेड सारखा नव्हता. उजव्या कोपऱ्यात कापड काळवंडलेलं आहे. तिथे आकडे ०.०७, ०.४०, ०.१०. फरक ०.३०. कीयरला आपण सांगितलंय की पूर्ण पडदा म्हणजे ०.४५. मग तो कोपऱ्यात म्हणतो, ०.३० भागिले ०.४५, दोन तृतीयांश पडदा, एक तृतीयांश काहीतरी वस्तू. तिथे वस्तू नाहीच. पण मॅटमध्ये करड्या रंगाचा डाग दिसतो.

(पडद्यावर : काळ्या-पांढऱ्या मॅटमध्ये उजवीकडे करडा ढग.)

हात लगेच कुठे जातो? काळ्याच्या स्लायडरवर. ०.३३ च्या खालचं सगळं शून्य कर. डाग गेला. मॅट चकचकीत काळी-पांढरी. मनाला फार समाधान वाटतं. आणि त्याच क्षणी ०.२५ अल्फाची प्रत्येक बट मेली. आपली ०.४९ वाली बट ०.२३ वर आली. अर्धा केस होता, पाव राहिला.

माझ्या पहिल्या नोकरीत मी असाच शॉट दाखवायला नेला. सुपरवायझरनी दोनदा चालवला आणि विचारलं, "केस कुठे गेले हिचे? टाइफॉइड झाला होता का?" तो शॉट माझ्याकडून काढून रोटोकडे गेला. रोटो म्हणजे फ्रेमगणिक हाताने आकार काढणं. तिथल्या एका मुलीने तीन दिवस बसून त्या बटा एकेक काढल्या. कॅमेऱ्याने टिपलेली माहिती होती, मी ती पुसली, आणि तिने ती पुन्हा हाताने घडवली. मुंबई-पुण्यातल्या किती मुलामुलींचे डोळे अशा कामात जातात ते इथल्या काहींना माहीत असेल.

मग करायचं काय? डाग मॅटमध्ये पुसायचा नाही, पडद्यातच दुरुस्त करायचा. म्हणजे कीयरला एकच हिरवा रंग देण्याऐवजी प्रत्येक जागेचा हिरवा द्यायचा. नवरी फ्रेममध्ये नसताना त्याच उजेडात पाच सेकंद नुसता पडदा टिपून ठेवला असता तर तो थेट वापरता आला असता. त्याला क्लीन प्लेट म्हणतात. इथे टिपलेली नव्हती. कधीच नसते. (हशा) मग बनवायची. पडद्याचा हिरवा आजूबाजूने आत पसरवत नेऊन नवरीची जागा भरून काढायची. न्यूकमध्ये आयबीके आहे, नेट्रॉनमध्ये पीआयके, फ्यूजनमध्ये क्लीन प्लेट नोड आणि डेल्टा कीयर. नेट्रॉन फुकट आणि मुक्त आहे, म्हणून मी त्यावर दाखवतोय. कोपऱ्यात आता ०.३० ला ०.३० ने भागलं जातं. उत्तर एक. पूर्ण पडदा. डाग गेला आणि एकाही बटेला धक्का नाही.

(पडद्यावर : तोच कोपरा, स्वच्छ. बटा शाबूत.)

आता नोडकडे येऊ. ज्यांनी फक्त थर एकावर एक रचण्याचं सॉफ्टवेअर वापरलंय त्यांना हे झाड बघून धडकी भरते. शेतात पाटाचं पाणी देताना बघितलं असेल. मुख्य पाट वरून येतो, दारं फोडली की वेगवेगळ्या वाफ्यांत जातो. नोड म्हणजे तसं दार. वरून मूळ चित्र येतं, त्याला आम्ही प्लेट म्हणतो, आणि हवं तिथून फाटा काढायचा. फरक एवढाच की इथे फाटे कितीही काढले तरी पाणी कमी होत नाही. प्रत्येक फाट्याला मूळ प्लेट पूर्णच्या पूर्ण मिळते. हीच गंमत आहे. एका फाट्यावर मी वाट्टेल ती मोडतोड केली तरी शेजारच्या फाट्याला कळत नाही.

आणि कीइंगला हे का लागतं? कारण आपण दोन प्रश्न विचारतोय. इथे वस्तू किती आहे? आणि तिचा रंग काय? एक अल्फाचा, एक रंगाचा. एकाच डबीतला कीयर दोन्हींची उत्तरं एकदम देतो, आणि एक सुधारायला गेलं की दुसरं बिघडतं. मी कीयरकडून फक्त अल्फा घेतो. त्याने दिलेला रंग सहसा फेकून देतो. रंगासाठी मूळ प्लेटवरून वेगळा फाटा.

अल्फाच्या फाट्याचेही दोन. एक मऊ, आत्ता दाखवला तो, फक्त कडांसाठी. त्यात नवरीच्या पोटात, साडीच्या चकाकीत, बारीक भोकं राहतात. राहू दे. दुसरा कडक, काळं-पांढरं ओढून ताणलेला, मग कडेपासून दहा-पंधरा पिक्सेल आत आक्रसून घेतलेला. तो भोकं बुजवतो आणि कडेपर्यंत पोचतच नाही. दोन्ही मर्ज नोडमध्ये 'मॅक्स'ने एकत्र, दोघांत मोठा आकडा तो घ्यायचा. आणि बाहेर जिथे स्टँड, दिवा, पडद्याची शिवण दिसते तिथे हाताने ढोबळ आकार काढून थेट शून्य. हे झालं की अल्फा नव्वद टक्के संपला. चुडा सोडून.

रंगाच्या फाट्यावर जास्त वेळ देऊ. पडद्यावर पडलेला उजेड परत फिरतो आणि नवरीवर पडतो. गालाच्या कडेला, खांद्यावर, गजऱ्यावर. हा स्पिल. हे मिश्रण नाही हे लक्षात घ्या. गाल पूर्ण गालच आहे, अल्फा एक आहे, फक्त त्याच्यावर हिरवा उजेड पडलाय. म्हणून अल्फाने तो जात नाही.

काढायची रीत साधी आहे : हिरव्याला मर्यादा घालायची. मर्यादा कोणती, इथे खरी मेख आहे. एक नियम म्हणतो, हिरवा हा लाल-निळ्याच्या सरासरीपेक्षा वर जाऊ द्यायचा नाही. दुसरा म्हणतो, दोघांतल्या मोठ्यापेक्षा वर जाऊ द्यायचा नाही. गालाला पहिला नियम लावा. कातडी, समजा, ०.५०, ०.३५, ०.२५. सरासरी ०.३७५. निरोगी कातडीचा हिरवा त्याच्या खालीच, हात लागत नाही. स्पिल पडून तो ०.४५ झाला असेल तर ०.३७५ वर येतो. उत्तम. दुसरा नियम लावला तर मर्यादा ०.५०, म्हणजे स्पिल तसाच, नवरीला कावीळ.

आता अष्टपुत्री. हळदीचा पिवळा, ०.७०, ०.६०, ०.१०. पहिल्या नियमाने सरासरी ०.४०. हिरवा ०.६० वरून ०.४० वर. काय होईल?

(श्रोत्यांतून : केशरी होईल.)

केशरी होईल! अष्टपुत्रीची भगवी साडी झाली. (पडद्यावर : आधीची आणि नंतरची साडी शेजारी-शेजारी.) विद्यार्थ्यांनी एका क्लिकचा डिस्पिल लावला होता, त्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं, कारण मॉनिटरसमोर चार तास बसल्यावर केशरीच पिवळी वाटायला लागते. लक्षात आलं ते नटीच्या आईच्या. दुसरा नियम लावा, मर्यादा ०.७०, साडीला धक्का नाही.

म्हणजे चेहऱ्याला एक नियम, साडीला दुसरा. बरोबर कोण? दोन्ही. म्हणून रंगाच्या फाट्याचे पुन्हा दोन फाटे, आणि साडीच्या भागापुरता सैलसर आकार काढून, कडा भरपूर मऊ ठेवून, दोन्ही जोडायचे. एकच डिस्पिल अख्ख्या फ्रेमला लावायचा हट्ट सोडला की निम्मी भांडणं मिटतात.

गजऱ्याचं दुखणं आणखी वेगळं. फूल पांढरं, स्पिलसकट ०.७०, ०.८०, ०.६८. सरासरीने हिरवा ०.६९ वर आला. रंग छान पांढरा झाला. पण डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सगळ्यात मोठा, एचडीच्या प्रमाणात ०.७१५२. त्यामुळे ०.११ हिरवा काढला की फुलाचा जवळजवळ दहा टक्के उजेड गेला. गजरा सुकल्यासारखा दिसतो. काय करायचं, तर काढलेला स्पिल टाकून द्यायचा नाही. मूळ प्लेट वजा डिस्पिल केलेली, म्हणजे कुठे किती हिरवा काढला याचा नकाशा मिळतो. वाड्याचं चित्र खूप धूसर करून त्या नकाशाने गुणायचं आणि नवरीत मिळवायचं. जिथून पडद्याचा उजेड काढला तिथे वाड्याचा संध्याकाळचा उजेड येतो. विचार केला तर हे बरोबरच आहे, ती खरोखर वाड्यात उभी असती तर तिच्या खांद्यावर वाड्याचाच उजेड पडला असता.

मग रंगाला अल्फाने गुणायचं, एकदाच. दोनदा गुणलं तर कडेला काळी रेघ येते. आणि मर्ज.

राहिला चुडा. आकडे बघा. ०.०८, ०.३०, ०.१२. फरक ०.१८, भागिले ०.४५ म्हणजे ०.४० पडदा. अल्फा ०.६०. नवरीच्या मनगटातून वाडा दिसतो. वर डिस्पिलने हिरवा ०.१० वर आणला. चुडा अर्धवट पारदर्शक आणि शिवाय करडा. व्लाहोस यांचं गृहीतक इथे मोडलं. पुढच्या वस्तूत हिरवा वर नसतो, असं ते म्हणालं होतं, आणि आपल्या लग्नात नवरीच्या हातात तोच भरतात.

पण नीट बघा. चुड्याचा हिरवा आणि पडद्याचा हिरवा एक नाही. पडदा पूर्ण पडदा असेल तिथे अल्फा शून्य येतो, चुड्यावर ०.६० येतो. मधे भरपूर जागा आहे. म्हणून फक्त मनगटाभोवती एक आकार काढायचा, तो हाताबरोबर ट्रॅक करायचा, आणि त्या आकाराच्या आत पांढऱ्याची मर्यादा ०.५५ वर आणायची. ०.६० चा एक झाला, शून्य शून्यच राहिला. मघाशी ज्या ओढाताणीने केस मारले, तीच इथे उपयोगी पडते, कारण मनगटावर बटा नाहीत. बांगडी आणि हाताच्या फटीतून दिसणारा पडदाही नीट शून्य राहतो. एकेक बांगडी रोटो करायची गरज पडली नाही. आणि रंगाच्या फाट्यावर त्याच आकारात डिस्पिल बंद, मूळ प्लेटचा चुडा जसाच्या तसा.

(पडद्यावर : पूर्ण शॉट, मागे वाडा. टाळ्या.)

एक जागा मला अजून पटलेली नाही. हात केसांपाशी येतो त्या सात-आठ फ्रेममध्ये मनगटाचा आकार आणि बटा एकमेकांवर येतात. तिथे मी तडजोड केली आहे. सांगितल्यावर आता तुम्हाला दिसेल. (हशा)

प्रश्न घेऊ.

श्रोता : मग निळा पडदाच का नाही वापरायचा नेहमी?

इथे वापरायलाच हवा होता. पण डिजिटल कॅमेऱ्यात हिरवा जास्त सोयीचा पडतो. बहुतेक सेन्सरवर लाल आणि निळ्याच्या प्रत्येकी एका डोळ्यामागे हिरव्याचे दोन असतात. त्यामुळे हिरव्यात तपशील जास्त, दाणा कमी. निळ्यात दाणा जास्त, आणि त्याला उजेडही जास्त लागतो. पण निळा स्पिल चेहऱ्यावर कमी खुपतो, आणि रात्रीच्या दृश्यात तो मिसळून जातो. कपडे बघून ठरवायचं. हिरवा शालू आणि निळी पैठणी एकाच फ्रेममध्ये असेल तर देवच राखो.

श्रोती : मोबाइलवर शूट केलं तर चालेल का?

चालेल, पण एक समजून घ्या. मोबाइलचा साधा व्हिडिओ ४:२:० असतो. १९२० गुणिले १०८० चं चित्र असलं तरी रंगाची माहिती ९६० गुणिले ५४० चीच ठेवलेली असते. उजेडाची कड बारीक आणि रंगाची कड जाड. आपण तर रंगावरून कड शोधतोय. म्हणून कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या येतात. ४:२:२ मिळालं तर घ्या, आणि माणसाला पडद्यापासून जितकं पुढे उभं करता येईल तितकं करा.

श्रोता : आता एआय नुसत्या क्लिकवर माणूस वेगळा काढतं. मग हे सगळं शिकायचं कशाला?

मीही वापरतो. कडक मॅट, ती आतली, मी आता बऱ्याचदा त्यानेच काढतो. पडदा नसलेल्या शॉटमध्ये तर तो मोठाच आधार आहे. पण ते सांगतं, माणूस कुठे आहे. अर्ध्या पिक्सेलच्या बटेत केसाचा रंग किती आणि पडद्याचा किती, हे वजा करायचं काम त्यानंतरही उरतंच. नाहीतर वाड्यासमोर हिरव्या झालरीचे केस दिसतात. आणि अष्टपुत्री केशरी झाली की नाही, हे बघायला कोणीतरी लागेल.

श्रोती : हा शॉट करायला एकूण किती वेळ लागला?

दीड दिवस. त्यातला एक दिवस मनगटाचा.